मामा, ढेऱ्यांनी विठ्ठल पळवला नाही

आमचे मामा माळकरी. परवा पहाटे पाचला त्यांचा फॉरवर्ड आला आणि सातला फोन: "तुझ्या कपाटातला ढेरे असा आहे होय रे?"

फॉरवर्ड थोडक्यात असा: लोकदैवतांचे संशोधक रा. चिं. ढेरे यांनी परदेशी लोकांच्या सांगण्यावरून विठ्ठलाला 'धनगरांचा साधा देव' ठरवलं, कर्नाटकला देऊन टाकलं, पंढरपूरची मूर्ती खोटी म्हटली आणि वारी मोडायचा घाट घातला. खाली हात जोडलेले सहा इमोजी.

परदेशाचं आधी उरकतो. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' हे पुस्तक १९८४ साली मराठीत आलं. १९८७ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजी अनुवाद आला २०११ला. कट करणारे २७ वर्षं मराठी शिकत बसले होते काय?

डोकं फिरलं ते 'साधा' या शब्दानं. विठ्ठलाचं मूळ दख्खनच्या गवळी-धनगरांच्या देवात आहे, असं ढेरे म्हणतात, हे खरं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि धनगरांचा बिरदेव आजही एकत्र पुजतात. पण तो गुराख्यांचा देव पुढे वैष्णवांचा झाला, शैवांना आपला वाटला, जैन-बौद्धांनीही त्याच्यावर हक्क सांगितला, आणि संतांनी त्याला घराघरांत नेला, हा सगळा प्रवास त्या पुस्तकात आहे. म्हणून तर नाव 'महासमन्वय'. निदान मुखपृष्ठ तरी वाचायचं! धनगरांचा म्हटल्यावर देव लहान होतो असं ज्याला वाटतं, त्यानं दिवाळीत मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला धनगरांच्या यात्रेला जावं. ढोल घुमताहेत, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालीत, पालख्या भेटताहेत. तिथं उभं राहून म्हणून दाखवावं 'साधा'.

कर्नाटकाचं भय तर सोलापूरकरांना घालूच नये. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांची वचनं कन्नडात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढं कोण कुणाची भाषा विचारतो? पंढरपुरात कर्नाटकातल्या होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७चा शिलालेख आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या अभंगातही विठ्ठल 'कानडा'च आहे. काढा मग माउलींवरही एक फॉरवर्ड.

मूर्तीचं मात्र निम्मं कबूल करावं लागतंय. अफझलखानाच्या स्वारीत मूर्ती माढ्याला हलवली आणि आद्य मूर्ती तिथलीच, असं ढेऱ्यांनी मांडलं. त्यावरून वादही झाला. मलाही ते सगळं पटलेलं नाही. पण 'मूर्ती नंतरची' म्हणणं वेगळं आणि 'देव खोटा' म्हणणं वेगळं. संत भानुदासांनी विजयनगरहून विठ्ठल परत आणला, हे कीर्तनात ऐकताना आपण माना डोलावतोच की.

वारी मोडण्याबद्दल काय बोलायचं? पुस्तक येऊन चाळीस वर्षं झाली. आषाढीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा मिळत नाही.

पुस्तक मामांना नेऊन दिलं. माढ्याच्या प्रकरणावरून ते अजून फुरंगटलेत. हुलजंतीचं ऐकल्यावर मात्र म्हणाले, "दिवाळीला गाडी काढतोस का?"