तोंडओळख

सकाळी साडेसहा ते आठ या वेळात मी नक्की कोण आहे, याची माझ्या फोनला खात्री नसते. उशीखालून त्याला ओढून काढते, एक डोळा उघडून तोंडासमोर धरते, आणि तो थरथरतो. ही थरथर प्रेमाची नव्हे. पडद्यावरचं इवलंसं कुलूप नाही-नाही म्हणून मान हलवतं आणि खाली अक्षरं उमटतात: 'चेहरा ओळखता आला नाही.' आठनंतर आंघोळ करून, केस विंचरून, चष्मा लावून समोर आले की तेच कुलूप मुकाट्याने उघडतं. म्हणजे दीड तासात माझ्यात माणूस बदलण्याइतका फरक पडतो. पंधरा वर्षांच्या संसारात नवऱ्याने ही गोष्ट एकदाही बोलून दाखवली नाही. त्याची ही माणुसकी मला हा फोन घेतल्यावर कळली.

'यात दोन्ही सोयी आहेत' म्हणून हा फोन घेतला होता. चेहऱ्याने नाही उघडला तर बोटाने, बोटाने नाही तर चेहऱ्याने. प्रत्यक्षात ती दोन टेबलं निघाली. चेहऱ्याच्या टेबलावर जावं तर 'बोट वापरा'. बोटाच्या टेबलावर जावं तर 'ओळख पटली नाही'. पुन्हा ठेवावं तर 'जरा जोराने दाबा'. पाच वेळा चुकलं की दोन्ही खिडक्या बंद, 30 सेकंदांनी या. आणि ओटीपीला यायला नेमके तेच 30 सेकंद सापडतात. पडद्यावर नुसतं 'एक नवीन संदेश' एवढंच दिसतं. आत सहा आकडे आहेत, ते माझेच आहेत, आणि मी दाराबाहेर.

याआधीचा फोन फक्त बोटाचा होता. त्याच्या पाठीवर एक गोल खळगा होता, त्यात बोट टेकवायचं. हे प्रकरण रुळलं 2013 पासून, अॅपलने आयफोनच्या गोल बटणात सेन्सर बसवला तेव्हा. त्याआधीही असे फोन होऊन गेले होते, पण बोट लावून फोन उघडायची सवय जगाला लागली ती तेव्हापासून. खळग्यातल्या सेन्सरचं काम म्हटलं तर सोपं. बोटावरच्या रेषा म्हणजे डोंगररांगा, मधल्या फटी म्हणजे दऱ्या. डोंगर सेन्सरला टेकतो, दरी टेकत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी विद्युतभार किती कमी-जास्त होतो ते मोजून तो नकाशा काढतो. अडचण एकच. माझे हात दिवसातला अर्धा वेळ ओले असतात. पाणी दऱ्यांत भरतं, आणि नकाशात डोंगर-दऱ्यांच्या जागी एकच तळं दिसतं.

मग मी ड्रेसला बोट पुसायचे. तरी नाही. पदर असेल तर पदराला, पडद्याला, एकदा शेजारी बसलेल्या मुलाच्या पाठीला. तरी नाही. कपडे धुतल्यावर तर बोटांना सुरकुत्या पडलेल्या असत आणि फोन मला कोणी आजीबाई समजत असे. शेवटी मी शहाणपणा केला. फोनमध्ये पाच बोटं नोंदवायची सोय होती. लोक दोन अंगठे, दोन तर्जन्या असं काहीतरी ठेवतात. मी पाचही जागा उजव्या हाताच्या तर्जनीलाच दिल्या आणि त्यांना नावं दिली: 'बोट कोरडं', 'बोट ओलं', 'बोट भांडी झाल्यावर', 'बोट थंडीतलं' आणि 'बोट क्रीम लावलेलं'. ही यादी नवऱ्याने पाहिली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. पण सांगते, त्यानंतरचे आठ महिने माझ्या आणि फोनच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते.

बोटाचं दुःख खरं बघायचं तर बाबांच्या हातावर बघावं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांना फोन घेऊन दिला आणि मी मोठ्या उत्साहाने त्यांचा अंगठा नोंदवायला बसले. 'बोट ठेवा. उचला. पुन्हा ठेवा.' पडद्यावर ठशाचं चित्र भरत जातं, पाऊस पडल्यावर विहीर भरावी तसं. बाबांची विहीर निम्म्यावर येऊन थांबली.

"बाबा, जरा हळू दाबा."

"हळूच दाबतोय. त्यालाच सांग जरा नीट बघायला."

मग त्यांनी अंगठा जिभेला लावला, पासबुकाचं पान उलटावं तसा, आणि दाबला. फोनने 'सेन्सर पुसून घ्या' असं सुनावलं. मी पुसून घेतला. वय झालं की बोटाच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी आणि सैल पडते, हे मी त्यांना समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, "माझ्या आईला मी सही करायला शिकवली, माहितीये तुला? पाटीवर. दोन महिने लागले. का, तर कुठे अंगठा उठवायची वेळ येऊ नये म्हणून." आणि आपला अंगठा उजेडात धरून बघत राहिले.

शेवटी कोणतं बोट लागलं असेल? डाव्या हाताची अनामिका. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिने कोणतंही काम केलं नव्हतं, त्यामुळे रेषा कोऱ्या करकरीत होत्या. पण डाव्या अनामिकेने फोन उघडायचा म्हणजे तो उजव्या हातात उलटा धरून डावा हात पाठीमागून वळवावा लागतो. फोन आला तर बाबा तबला शोधतायत असं वाटायचं. दोन दिवसांनी त्यांनी ते सोडलं आणि पिनवर आले. पिन टाकताना ते प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणतात. वरच्या मजल्यावरही तो सगळ्यांना पाठ आहे.

आता या नव्या फोनकडे. यात बोटाची जागा पडद्यातच आहे. तिथे अंगठा टेकवला की खालून झगझगीत उजेड पडतो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडावा तसा, आणि पडद्याआडचा बारीकसा कॅमेरा ठशाचा फोटो काढतो. वर जाड स्क्रीनगार्ड बसवला की त्याला धुक्यातून बघावं लागतं. मी स्क्रीनगार्ड बसवल्या दिवसापासून अंगठ्याशी त्याचं बिनसलं, म्हणून मी चेहऱ्याकडे वळले.

चेहऱ्याबद्दल मी बरंच ऐकून होते. 2017 साली आयफोन टेन आला तेव्हा अॅपलने सांगितलं होतं की भलत्याच माणसाच्या बोटाने फोन उघडण्याची शक्यता 50 हजारांत एक, आणि भलत्याच चेहऱ्याने उघडण्याची 10 लाखांत एक. तो फोन तोंडावर 30 हजारांहून जास्त अदृश्य अवरक्त ठिपके टाकतो आणि नाक किती वर, डोळे किती आत असा उठावाचा नकाशा काढतो. हे वाचून मी माझ्या फोनसमोर आदराने बसले. मग कळलं की हा तो नव्हे. माझ्या फोनकडे ठिपके वगैरे काही नाहीत. तो सेल्फीच्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढतो आणि जुन्या फोटोशी ताडून बघतो. म्हणजे गेटवरचा रखवालदार जे करतो तेच. अंधारात त्याला दिसत नाही म्हणून तो पडद्याचा उजेड वाढवतो, आणि रात्री दोन वाजता वेळ बघायला गेलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारतो. डोळे मिटले जातात. डोळे मिटले की म्हणतो, डोळे उघडा.

2011 साली अँड्रॉइडमध्ये पहिल्यांदा चेहऱ्याने उघडायची सोय आली तेव्हा तर मालकाचा फोटो समोर धरला तरी फोन उघडायचा. मग पुढच्या वर्षी पापणी लवते का ते बघायला लागले. हे वाचून मी लगेच माझ्या ओळखपत्रावरचा फोटो फोनसमोर धरून पाहिला. नाही उघडला. फार सुरक्षित आहे म्हणून खूश झाले. नवरा म्हणाला, "अगं, त्या फोटोवरून तुला कोणीच ओळखत नाही."

ही खुशी ताई आली त्या दिवशी संपली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी आत होते, फोन बाहेर होता, तिने वेळ बघायला उचलला आणि तो उघडला. थरथर नाही, मान हलवणं नाही, पहिल्या फटक्यात. ती तशीच फोन घेऊन आत आली.

"तुझ्या फोनने मला ओळखलं!"

"तुला नाही ताई, त्याने तुला मी समजलं."

"तेच म्हणते मी. तुझ्याएवढी दिसते मी!"

तिने तो प्रयोग दिवसभरात सहा वेळा करून दाखवला. एकदा आमच्या शेजारीणबाईंसमोर. दर वेळी ती नऊ वर्षांनी लहान व्हायची आणि मी नऊ वर्षांनी मोठी. जुळ्या आणि दिसायला सारख्या भावंडांनी चेहऱ्यावर फार विसंबू नये, असं ते ठिपकेवाले अॅपलवालेही आपणहून सांगतात, पण त्यात ताईला काय, ती ऐकायच्या पलीकडे गेली होती. बोटांचं बरं असतं. एका वेळी जन्मलेल्या, हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. ताईचा अंगठा लावून पाहिला. नाही उघडला. "बिघडलाय तो," असं म्हणून तिने विषय संपवला.

फोनलासुद्धा या चेहऱ्याची मनातून खात्री नसावी. कारण तो मला आत घेतो, पण बँकेचं अॅप उघडलं की तिथे चेहरा चालत नाही, अंगठा मागतात. साध्या कॅमेऱ्याच्या ओळखीवर अँड्रॉइड सहसा अशा अॅपना विसंबू देत नाही. आपणही हेच करतो की. तोंडओळखीच्या माणसाला घरात घेतो, पाणी विचारतो, पण तिजोरीची किल्ली काही हातात देत नाही.

मग अंगठाच खरा म्हणावा, तर त्याचंही काही खरं नाही. 2013 मध्ये अंगठ्याचा आयफोन बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो काढून, त्यावरून नकली बोट करून तो उघडून दाखवला. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाने जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या फोटोंवरून त्यांच्या अंगठ्याचा ठसा तयार केला. फोटोंवरून! हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं, कारण आमच्या प्रत्येक ग्रुप फोटोत तो कॅमेऱ्याला अंगठा दाखवतो. लग्नाच्या अल्बमपासून. पिन बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार? आणि दुसरं बोट लावायचं म्हटलं तरी दहा बोटांनंतर काय? यावर तो म्हणाला, "आपल्या खात्यात काय आहे ते कळलं तर तेच चार पैसे टाकतील," आणि पुन्हा अंगठा दाखवला.

जर्मनीचं सोडा, माझा अंगठा घरच्या घरीच फितूर झाला. दुपारी जरा डोळा लागला होता. जाग आली ती कोणीतरी हात धरलाय म्हणून. बघते तर चिरंजीव. वय बारा. माझा उजवा हात अलगद उचलून, अंगठा नीट सरळ करून, फोनवर टेकवत होते. इतक्या हळुवारपणे त्याने माझा हात त्याआधी कधी धरला नव्हता, म्हणून दोन सेकंद मला भरूनच आलं. मग पडद्यावर गाडी पळताना दिसली. चेहऱ्याला निदान डोळे उघडे लागतात. अंगठ्याला शुद्धही लागत नाही.

त्या रात्री अंगठ्याची नोंद पुसली आणि ठरवलं, यापुढे फक्त चेहरा. सकाळी दीड तास अनोळखी राहीन, पण स्वाभिमानाने. दुसऱ्याच दिवशी, उजव्या अंगठ्याला सुरी लागून पट्टी बांधलेली, आणि फोन रात्रीतून स्वतःच अपडेट होऊन, बंद होऊन, पुन्हा चालू झालेला. आणि म्हणतो, पिन टाका. चेहरा दाखवला. पिन टाका. चष्मा लावून दाखवला. पिन टाका. फोन पुन्हा चालू झाला की आतल्या सगळ्या सामानाची किल्ली पिनपाशीच असते. तो टाकेपर्यंत चेहरा आणि अंगठा हे दोघे नुसतेच दारात उभे असतात, माझ्यासारखे.

तर पिन. डाव्या हाताची तर्जनी आकड्यांवर धरली, आणि काहीच आठवेना. हा पिन मी दर दोन-तीन दिवसांनी टाकते. पण टाकते म्हणजे उजवा अंगठा टाकतो. वर, खाली, आडवं, परत वर असं काहीतरी तो सवयीने करतो. मला त्यातला एक आकडा माहीत नव्हता. पाठ होता तो त्या अंगठ्याला, आणि तो पट्टीत. मी पट्टीतला अंगठा हवेत नाचवून आठवायचा प्रयत्न केला. एकदा चुकलं. दोनदा चुकलं. लग्नाची तारीख टाकली. तीही चुकली, पण ती पिन म्हणून चुकली की तारीख म्हणून, ते तपासायला नवरा घरात नव्हता.

"चार-सात-सात-एक-नऊ-तीन," आतल्या खोलीतून आवाज आला.

टाकला. उघडला.

मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. चिरंजीव वहीतून मान वर न काढता लिहीत होते.

"तुला पिन माहीत होता?"

"हो. कधीपासून."

"मग काल दुपारी माझा हात कशाला धरलास?"

"अंगठ्याने पटकन होतं ना, आई."