बोटीचे इंजिन बोनेटखाली

जुन्या मोटारीचे इंजिन एकदा बसले की सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते आणि त्यांतला निदान एक जण तरी छातीठोकपणे सांगतो, "बोटीचे इंजिन घ्या, आतून सगळे तेच असते." हे अर्धे खरे असते, साफ खोटे असते तर माणूस घरीच थांबला असता. माझ्या शेवरोलेसाठी मिस्त्रींना घेऊन जे इंजिन पाहायला गेलो, ते खरोखरच शेवरोलेचे ३५० घनइंची व्ही-८ होते. गंज लागू नये म्हणून त्यावर रंगाचे इतके थर चढवलेले होते, की नटबोल्टही सुजल्यासारखे दिसत होते.

"१९६८चे आहे," विक्रेता म्हणाला. मिस्त्रींनी ब्लॉकची मागची कड तारेच्या ब्रशने घासली, तेव्हा खालून 'डी १४ ८' अशी ओतीव अक्षरे वर आली. 'डी' म्हणजे एप्रिल, १४ ही तारीख आणि ८ हा सालाचा शेवटचा आकडा. महिना आणि तारीख इतक्या काटेकोरपणे नोंदवणाऱ्या कारखान्याला दशक सांगावेसे वाटले नव्हते, त्यामुळे हे इंजिन १९६८, १९७८ किंवा १९८८ यांपैकी कोणत्याही सालचे असू शकत होते. विक्रेत्याने त्यांतले सर्वांत महाग साल निवडले होते, इतकेच. दशक ठरवायचे तर ब्लॉकचा ओतीव क्रमांकच वाचावा लागतो; तो अर्थातच रंगाच्या सर्वांत जाड थराखाली होता.

वरचा संसार मात्र अस्सल समुद्री होता. एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पाणी खेळवण्यासाठी केलेले अवजड ओतकाम आणि एअर फिल्टरच्या जागी आगीची ठिणगी अडवणारी जाळी, हे दोन्ही मोटारीत निरुपयोगी. कार्ब्युरेटर तुंबला तरी पेट्रोल बाहेर न सांडता आतच जाते, कारण बोटीच्या तळाशी वाफ साचली तर स्फोट होतो. हा विचारीपणा मला फार आवडला. पण ऑइल चेंबरचा आकार असा, की तो माझ्या गाडीच्या चासीत मावण्याची चिन्हे नव्हती. शिवाय थंड करण्यासाठी थेट समुद्राचे पाणी फिरवलेले असेल, तर ब्लॉक आतून किती खाल्लेला आहे हे हेड उघडल्याशिवाय कळत नाही.

"हे सगळे बदलता येते," मिस्त्री म्हणाले. "आधी ते फिरते कुठल्या बाजूला, ते बघू."

दोन इंजिनांच्या बोटीत पंखे परस्परविरुद्ध फिरवतात, नाहीतर बोट एका अंगाला ओढली जाते. आणि त्यासाठी जुन्या बोटींत पुष्कळदा एक इंजिनच मुळात उलटे फिरणारे असे. मिस्त्रींनी व्हॉल्व्हचे झाकण काढले, पुढच्या पुलीला पाना लावून क्रँक घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवला आणि मला एकाच सिलिंडरकडे पाहायला बसवले. मोटारीच्या इंजिनात असे फिरवताना धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद होत आला की लगोलग हवा-पेट्रोल आत घेणारा इनटेकचा उघडतो. येथे इनटेक आधी दबला आणि तो वर येतो न येतो तोच एक्झॉस्ट दबला. खात्रीसाठी प्लगच्या वायरी पाहिल्या. सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा गाडीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. येथे १-२-७-५-६-३-४-८, म्हणजे तोच पाढा उलटा म्हटलेला.

हे इंजिन तसेच बसवले असते, तर मला मागे जाण्यासाठी सगळे गिअर आणि पुढे जाण्यासाठी एकटा रिव्हर्स मिळाला असता.

"ब्लॉक चालेल," मिस्त्री हिशेब करू लागले. "कॅमशाफ्ट दुसरा, पिस्टन दुसरे, सेल्फ दुसरा, मागचे ऑइल सील दुसरे, एक्झॉस्ट, चेंबर आणि कार्ब्युरेटर गाडीचे." हे सुटे सुटे जमवण्यापेक्षा मोटारीचे एखादे जुने इंजिनच आणणे स्वस्त पडेल, असेही ते निर्विकारपणे म्हणाले. मी विक्रेत्याला जोडीतल्या दुसऱ्या इंजिनाविषयी विचारले.

"ते सुलट होते," तो म्हणाला, "म्हणून लगेच गेले. एका बोटवाल्याने नेले."