हायड्रॉक्सीॲपेटाइट पावडरीबाबत खुलासा

हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडांत व दातांत असणारे कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज) बॉल मिलमध्ये (कठीण गोळ्यांनी माल दळणाऱ्या फिरत्या भांड्यात) जितके जास्त तास दळावे तितकी पावडर बारीक व शुद्ध होते आणि थेट हाडाच्या रोपणासाठी चालते, असा संदेश नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. ठराविक मर्यादेनंतर बारीक कण पुन्हा चिकटून गुठळ्या होतात, स्फटिकरचना ढासळते आणि गोळे व भांडे झिजून त्यांचा अंश मालात उतरतो. पोलादी गोळ्यांनी दळलेली पांढरी पावडर करडी पडते ती त्यामुळेच, आणि मग ती चाळून काही उपयोग नसतो. झिरकोनिया या कठीण सिरॅमिकचे गोळे कमी झिजतात. अजिबात झिजत नाहीत असे नव्हे. कॅल्शियम-फॉस्फरसचे १.६७ हे गुणोत्तर, जड धातूंचे प्रमाण आणि आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जैवसुसंगतता (शरीराला अपाय न होणे) तपासल्याखेरीज ही पावडर वैद्यकीय दर्जाची म्हणून विकता येणार नाही.