'सीटी अँजिओ करू नका' या मेसेजला उत्तर

छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी सीटी अँजिओ (शिरेतून डाय देऊन हृदयाच्या धमन्यांचं सीटी स्कॅन) सांगितली, तारीख ठरली आणि पेशंट आलाच नाही, असं हल्ली वरचेवर होतं. फोन केला की घरचे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज ऐकवतात. त्याचा गाभा असा: एका सीटी अँजिओत सहाशे एक्स-रेंचं रेडिएशन अंगात जातं, ती स्टेंट गळ्यात मारण्यासाठीच केली जाते, ब्लॉकेज दिसलं तर 'खरी', म्हणजे कॅथेटर (बारीक नळी) धमनीत घालून होणारी अँजिओग्राफी करावी लागतेच, मग पैसे दोनदा का घालवायचे, आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल असेल तर हृदय ठणठणीत आहे. हृदयाच्या सीटी वाचणं हे माझं रोजचं काम. या मेसेजमुळे तपासणी टाळणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

सहाशेचा आकडा कुणी मनातून काढलेला नाही, पण तो शिळा आहे. छातीच्या एका एक्स-रेला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजण्याचं एकक) रेडिएशन लागतं. २००७ साली वेगवेगळ्या देशांतल्या ५० केंद्रांत मोजणी झाली, तेव्हा सीटी अँजिओचा डोस १२ मिलिसिव्हर्टच्या घरात होता. भागाकार केला की सहाशे येतात. २०१७ साली ६१ रुग्णालयांत पुन्हा मोजलं तेव्हा डोस ७८ टक्क्यांनी खाली आला होता, म्हणजे सुमारे २.७. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून प्रत्येकाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच.

हे कसं साधलं तेही सांगते. पूर्वी ठोक्याच्या सबंध चक्रात एक्स-रे ट्यूब चालू असायची. आता ईसीजीच्या तालावर, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर स्थिरावतं तेवढ्यापुरतीच ती पेटते. म्हणून तर आधी मेटोप्रोलॉलची गोळी देऊन नाडी साठीपर्यंत उतरवतात. नाडी जितकी संथ, तितका डोस कमी आणि चित्र स्वच्छ. तरीही सगळी यंत्रं आणि सगळी केंद्रं सारखी नसतात. तुमच्या तपासणीचा डीएलपी (यंत्राने नोंदवलेला रेडिएशनचा एकूण आकडा) किती होता ते विचारा. त्या आकड्याला ०.०१४ ने गुणलं की मिलिसिव्हर्टमधला अंदाज मिळतो. हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता स्टेंटचा मुद्दा. या आरोपामागचा राग मला समजतो. गरज नसताना स्टेंट घातल्याच्या तक्रारी आपल्या समाजात आहेत. पण सीटीने स्टेंट वाढतात का, हे प्रत्यक्ष तपासून झालेलं आहे. स्कॉटलंडमधल्या १२ केंद्रांत छातीदुखीचे ४,१४६ रुग्ण घेऊन 'स्कॉट-हार्ट' नावाचा अभ्यास झाला. अर्ध्यांना नेहमीची तपासणी, अर्ध्यांना त्याच्या जोडीला सीटी अँजिओ. पाच वर्षांत सीटी झालेल्या गटातल्या ४९१ जणांची कॅथेटर घालून अँजिओग्राफी झाली, दुसऱ्या गटातल्या ५०२ जणांची. स्टेंट आणि बायपासचं प्रमाणही जवळपास सारखंच राहिलं. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक मात्र सीटीच्या गटात ४८ जणांच्या वाट्याला आला आणि दुसऱ्या गटात ८१ जणांच्या.

स्टेंट वाढले नाहीत, मग अटॅक कशाने कमी झाले? मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते इथेच आहे. कॅथेटरची अँजिओग्राफी धमनीच्या आतली वाट दाखवते. सीटी धमनीची भिंतही दाखवते. चरबीचा थर सुरुवातीला भिंतीतच, बाहेरच्या अंगाला फुगत जातो आणि आतली वाट बराच काळ मोकळी राहते. हा थर दिसल्यामुळे ज्यांना एरवी 'काही नाही' म्हणून घरी पाठवलं असतं, त्यांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झालं. काम गोळ्यांनी केलं. कुणाला द्यायच्या ते सीटीने सांगितलं.

टीएमटीचा मुद्दाही याच्याशीच जोडलेला आहे. ट्रेडमिलवर पळताना हृदयाला रक्त कमी पडलं तरच ईसीजीची पट्टी बिघडते. धमनी तीस-चाळीस टक्केच अरुंद असेल तर रक्त कमी पडत नाही, पट्टी नॉर्मल येते. पण तोच थर मऊ असेल तर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि धमनी बंद होते. त्याच स्कॉटिश रुग्णांच्या चित्रांवरून २०२० साली दिसलं, की मऊ थराचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर असलेल्यांना अटॅकचा धोका जवळपास पाचपट होता. 'परवाच टीएमटी नॉर्मल आली होती हो,' असं हळहळणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

दुहेरी खर्चाबद्दल थोडक्यात. मध्यम धोक्याच्या बहुतेक रुग्णांची तपासणी सीटीवरच संपते. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात ६४ स्लाइसच्या (एका फेरीत ६४ काप टिपणाऱ्या) सीटी यंत्राने 'मोठं ब्लॉकेज नाही' म्हटलं, ते कॅथेटरने पाहिल्यावर ९९ टक्के खरं निघालं. युरोपातल्या २६ केंद्रांत ३,५६१ रुग्णांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासणीशी निगडित गंभीर गुंतागुंत सीटीपासून सुरुवात केलेल्यांत ०.५ टक्के होती आणि थेट कॅथेटरकडे गेलेल्यांत १.९ टक्के. अपवाद आहेत. धमन्यांत कॅल्शियम खूप साचलं असेल किंवा ३ मिलिमीटरहून बारीक स्टेंट आधीच असेल तर चित्र फुलतं आणि ब्लॉकेज आहे त्याहून मोठं दिसतं. २०२१ नंतर आलेली फोटॉन काउंटिंग (एक्स-रेचा कण न् कण मोजणारी) सीटी यंत्रं ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील दाखवतात, त्यामुळे ही अडचण कमी होते आहे, पण अशी यंत्रं अजून मोजकी आहेत. किडनी कमजोर असेल तर आयोडीनच्या डायआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं आहे ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघावंच लागतं. आणि घाम फुटून छातीत कळ येत असेल तर सीटीची तारीख घेत बसू नका, १०८ ला फोन करा.

मेसेजने खरं तर ज्यावर बोट ठेवायला हवं होतं ते त्यात नाहीच. काही त्रास नसलेल्या माणसाला चाळिशी उलटली म्हणून हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सीटी अँजिओ विकली जाते. लक्षणं नसलेल्या ९०० मधुमेही रुग्णांवर अमेरिकेत हे करून पाहिलं. २०१४ साली निकाल आला, तेव्हा मृत्यू आणि अटॅकमध्ये ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. अशा पॅकेजला नाही म्हणा. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी नीट तपासून लिहून दिलेल्या सीटीला नाही म्हणू नका.