माळढोकाचा तिसरा पाय

परवा मी माझीच रद्दी विकत घेतली. बारा रुपये किलोनं दिली होती, वीसनं घेतली. मध्ये गेले होते फक्त चार दिवस.

कारण नेहमीचंच. लेक दुसरीत आहे. संध्याकाळी सात वाजता शाळेचा मेसेज: ‘टाकाऊपासून टिकाऊ. घरातील निरुपयोगी वस्तूंपासून एक प्राणी किंवा पक्षी. उद्या आणणे. विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.’ आणि बायकोनं रविवारीच घर आवरलेलं. निरुपयोगी अशी एकही वस्तू शिल्लक नव्हती. आईच्या मते एक होती, पण तिला सकाळी दहाला ऑफिसला जायचं असतं.

भंगारवाले मामा शटर ओढायच्या बेतात होते.

“मामा, रद्दी होती जरा.”

“टाका काट्यावर.”

“नाही, द्यायची नाही. घ्यायचीय.”

शटर अर्ध्यावर थांबलं. आत पुठ्ठे बांधणारं पोरगं हातातली सुतळी सोडून बाहेर आलं.

“घ्यायची?”

“किलोभर. अंड्याचा एक ट्रे. आणि एक बाटली.”

“कसली बाटली? पेट, का जाड प्लास्टिक?”

“कुठलीही.”

“कुठलीबी म्हणून नाय चालत ओ सर,” मामा दुखावल्यासारखे म्हणाले. मग मला उभ्यानं शिकवणी मिळाली. पेपर वेगळा, वही वेगळी, पुठ्ठा वेगळा. मासिकाचा गुळगुळीत कागद पेपरात घातला तर तो माणूस लबाड समजावा. बाटलीचं झाकण एका पोत्यात, बाटली दुसऱ्या पोत्यात. घंटागाडीत ओला-सुका एकत्र कोंबणारा मी, मान खाली घालून ऐकत होतो.

तेवढ्यात कोपऱ्यात एक गठ्ठा दिसला. गुलाबी नाडीनं बांधलेला. ती नाडी मी ओळखतो.

“अहो, हा तर आमचाच गठ्ठा!”

“होता,” मामा म्हणाले.

भाव ऐकून मी जरा आवाज चढवला. बारानं दिलीय मी तुम्हाला! त्यावर ते शांतपणे म्हणाले, “तवा तुमाला नको होती, म्हणून बारा. आता पायजे हाय, म्हणून वीस.” अर्थशास्त्राच्या पदवीला मी तीन वर्षं घालवली. हे एवढं कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच वर्षी सुटलो असतो.

पण खरी गंमत पुढेच. वीस रुपये मी मुकाट्यानं काढले आणि तिथंच चुकलो. मामांच्या डोळ्यांत संशय आला. घासाघीस न करता रद्दी नेणारा माणूस!

“खरं सांगा सर. आत काय राहिलंय?”

“काही नाही हो. पोरीला पक्षी करायचाय.”

“पेपराचा पक्षी.” ते पोराकडे वळले. “ऐकायलास का बे? सर पेपराचा पक्षी करायलेत.” पोरगं फिदीफिदी हसलं. मामांनी नाडी सोडली, स्टुलावर बसले आणि एकेक पेपर उलगडून झटकायला लागले. खरेदीखत, चेक, नोटा, काय सापडेल ते. महिन्याभराचे पेपर, पुरवण्यांसकट. मी डास मारत उभा. विसाव्या-बाविसाव्या पेपरातून एक कागद तरंगत खाली आला. पाणीपट्टीची पावती.

“बघा! म्हणलं नव्हतं?” मामांचा चेहरा उजळला. “हेच्यासाठी आलाव नव्हं?”

मी नाही म्हटलं, पण पावतीकडे हात केला, त्यामुळे नाही म्हणण्याला अर्थ उरला नाही. मामांनी पावतीचे वेगळे पाच रुपये लावले. पट्टी आम्ही भरतो वर्षाची आणि पाणी येतं चार-पाच दिवसांआड. त्या मानानं पावतीला पाच रुपये फार नव्हते.

घरी आल्यावर लेकीनं जाहीर केलं: माळढोक. कासव कर म्हटलं, करवंटी आहे. नाही. अंड्याच्या ट्रेचा सुरवंट कर, सहा खळगे कापले की झाला. नाही. दिवाळीत तिला नान्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्यात नेलं होतं, त्याची ही फळं. तीन तास माळावर बसून आम्हाला काळवीट भरपूर दिसले, माळढोक शून्य. तिथल्या माणसानं फलकावरचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत, आणि मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. हे अंडं लेकीच्या मनात घर करून बसलंय.

मानेसाठी शेजारच्या मागवाल्यांकडून सुताचा रिकामा कोन आणला. सोलापुरात, मागांच्या पूर्व भागात राहण्याचे एवढे तरी फायदे आहेत. पोटाला बाटली, चोचीला ट्रेचा टोकदार तुकडा. ट्रे मुळात रद्दीच्या लगद्याचाच असतो, त्यामुळे तो आपल्या नातलगांना लगेच चिकटतो. वरून मैद्याची खळ लावून पेपराच्या पट्ट्या. खळ आईनं शिजवली. आजोबा जुन्या कापड मिलमध्ये होते, तिथं सुताला खळ लावतात, त्यामुळे आमच्याकडे खळ कशी असावी यावर मतं असतात. पण उरलेली रद्दी लगद्यासाठी बादलीत टाकली तशी ती कडाडली, “पाणी शुक्रवारी येणाराय, आणि तू पेपर भिजवायलास?” बादली गेली. लगदा रद्द झाला. माळढोक सडपातळ राहिला.

वाळायची चिंता नव्हती, मार्चमध्ये इथं माणूसही वाळतो. चिंता पायांची होती. चार पायांचं जनावर उभं राहतं. दोन पायांचं तोंडावर पडतं. रात्री साडेबारापर्यंत ते सतरा वेळा पडलं. लेक केव्हाच झोपली होती. ‘विद्यार्थ्यांनी स्वतः करावा’ हे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवलं. शेवटी आइस्क्रीमची काडी तिरकी लावली, हिरवी रंगवली, म्हणजे गवत वाटेल.

नाही वाटलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात पहिला नंबर एका हत्तीला होता. तो खोक्यातून तयार सुटे भाग घेऊन आला होता, खोक्यावर किंमत साडेचारशे, आणि वर छापलं होतं ‘टाकाऊपासून टिकाऊ’. ठीक आहे. लोकांकडे पैसे असतात. पण आमच्या पक्ष्यापुढं चिठ्ठी होती: ‘शहामृग. छान प्रयत्न.’

मी बाईंना म्हटलं, माळढोक आहे. त्या म्हणाल्या, “अच्छा, तो कुठं असतो?” अहो, इथून वीसेक किलोमीटरवर! 1979 पासून त्याच्या नावानं अभयारण्य आहे. देशात हा पक्षी जेमतेम दीडशे उरला असेल, आणि आमच्या वर्गाच्या भिंतीवर जिराफ, झेब्रा, पेंग्विन. पोरांना पेंग्विनचा बर्फ पाठ आहे. दारातला माळ कुणाला माहीत नाही. मी एवढं बोललो की मागच्या पालकांनी जागा करून दिली. लेकीनं माझा शर्ट ओढला आणि म्हणाली, “बाबा, शहामृग असू दे ना.” हेच मला जास्त लागलं.

रविवारी बायकोनं पुन्हा घर आवरलं. मी पक्षी घेऊन मामांकडे गेलो आणि काट्यावर ठेवला. साडेतीनशे ग्रॅम. मामांनी तो उचलला, फिरवून पाहिला, पोटावर टिचकी मारली.

“सर, माळढोकाला तीन पाय कुठं असत्यात ओ?”

मी बघतच राहिलो. ते मात्र पक्षी माझ्या हातात परत देत होते.

“आणि घेता येणार नाय. मिक्स माल हाय, खळ लागलीया.”

तो आता फ्रिजवर आहे. पंखा लावला की पडतो.