अरुंद रस्त्यावरची धडक आणि ‘मी माझ्या बाजूने होतो’ हा दावा

अरुंद रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या की दोन्ही चालक खाली उतरून पहिल्यांदा एकच वाक्य बोलतात: ‘मी माझ्या बाजूने होतो.’ दापोली, गुहागर, मंडणगड या भागांतल्या गावरस्त्यांवर मे महिन्यात आणि गणपतीच्या दिवसांत हे वाक्य वारंवार ऐकू येते. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या रस्त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी मावतच नाहीत, तेथे या वाक्याने काहीही सिद्ध होत नाही. तरीही चूक कोणाची याचा निवाडा आपण याच वाक्यावर करत असल्यामुळे तो निवाडा अनेकदा अन्यायाचा ठरतो.

आधी मोजमाप पाहू. आपल्याकडे एकपदरी रस्त्याच्या डांबरी भागाची प्रमाण रुंदी ३.७५ मीटर धरली जाते आणि फारशी वाहतूक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवर ती ३ मीटरही असते. आजच्या क्रेटाची रुंदी १.७९ मीटर आहे आणि स्कॉर्पिओ-एनची सुमारे १.९२ मीटर, तीही बाजूचे आरसे सोडून. या दोन गाड्या ३.७५ मीटरच्या रस्त्यावर समोरासमोर आल्या, तर त्यांच्यामध्ये जेमतेम चार सेंटिमीटर उरतात आणि आरसे हिशेबात धरले की तेही उरत नाहीत. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर होती; तशा दोन गाड्या त्याच रस्त्यावरून हळू गेल्या तर निघू शकत होत्या. अनेक गावांत रस्ता आहे तेवढाच राहिला आणि गाड्या मात्र रुंद झाल्या. त्यामुळे पूर्वी जेथे ‘साइड देणे’ पुरेसे होते, तेथे आता एकाने पूर्ण थांबणे किंवा मागे जाणे आवश्यक झाले आहे. साइडपट्टी धड असेल तर प्रश्न थोडा सुटतो. पण पावसाळ्यानंतर ती जागोजागी खचलेली असते आणि वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला तर दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगेच, म्हणजे दगड रचून केलेल्या भिंतीच, असतात.

म्हणून अशा ठिकाणी विचारायचा प्रश्न ‘कोण कोणत्या बाजूला होता’ हा नाही. समोरची गाडी आधी कोणाला दिसली, थांबण्याइतकी जागा कोणाजवळ होती, चढ कोण चढत होता आणि दोघांपैकी कोण चालत राहिला, हे प्रश्न विचारले पाहिजेत. चढाचा नियम तर १९८९ च्या केंद्रीय रस्तानियमांत निःसंदिग्ध शब्दांत होता: रस्ता पुरेसा रुंद नसेल तर उतरणाऱ्या गाडीने कडेला थांबून चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी घाटात वर्षानुवर्षे गाडी चालवणारे लोक आजही हाच संकेत पाळतात, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे अवघड असते आणि त्या प्रयत्नात ती मागे घसरू शकते.

माझ्या मावसभावाच्या बाबतीत नेमके हेच झाले. तो चढ चढत होता. वळण संपताच समोरून उतरणारी मोठी गाडी दिसली, तेव्हा त्याने डावीकडची चाके साइडपट्टीवर उतरवली, गडग्यापासून वीतभर अंतर ठेवून गाडी उभी केली आणि समोरच्याला दिवे दाखवले. समोरच्या चालकाने वेग कमी केला, पण तो थांबला नाही. गाडी निघेल अशा अंदाजाने तो पुढे येत राहिला आणि भावाच्या गाडीचा उजवा आरसा तोडून मागच्या दारापर्यंत पत्रा ओरबाडत गेला. लगेच माणसे जमली. त्यांनी गाड्या कोठे उभ्या आहेत ते पाहिले. उतरणारी गाडी डांबराच्या तिच्या बाजूच्या कडेला होती आणि भावाची उजवी चाके डांबरावर होती, एवढ्यावरून कोणीतरी ‘दोघांचीही थोडी थोडी चूक आहे’ असे ठरवले. भावाच्या गाडीचा क्रमांक एमएच-१२ ने, म्हणजे पुण्याच्या नोंदणीने, सुरू होणारा होता आणि समोरची गाडी इथल्याच रत्नागिरी जिल्ह्याची, एमएच-०८ ची होती, याचाही त्या निर्णयात वाटा होता, असे मला वाटते. मी स्वतः याच जिल्ह्यातला आहे, म्हणून हे लिहिताना मला अधिक वाईट वाटते. शेवटी ‘ज्याने त्याने आपापला खर्च करावा’ असे ठरले. ऐकायला हा तोडगा समंजस वाटतो. परंतु थांबलेल्या माणसाला आणि न थांबलेल्या माणसाला त्याने एकाच पायरीवर उभे केले.

गाड्यांच्या उभ्या राहण्याच्या जागेवरून चूक ठरवणे किती धोक्याचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधील एका अपघाताच्या खटल्यात सांगितले आहे. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या आदळल्यानंतर त्या कोठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून थांबतात, हे त्यांचा वेग, धडकेची तीव्रता, धडक कोठे बसली अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून पंचनाम्यातली केवळ ती जागा पाहून एखाद्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तो अपघात जीवघेणा होता आणि आपला विषय पत्र्याच्या नुकसानीचा आहे, परंतु तर्क तोच लागू पडतो. समोरासमोरच्या धडकेत दोन्ही चालक सारखेच जबाबदार, असेही न्यायालयाने पूर्वी एका खटल्यात म्हटले आहे, आणि निम्म्या निम्म्या चुकीची भाषा करणारे लोक नकळत त्याच वाटेने जातात. पण ती वाटणी दोन्ही गाड्या चालत असताना शोभते. एक गाडी उभी असेल, तर तेथे समोरासमोरची धडक झालेली नसून उभ्या गाडीला चालत्या गाडीने दिलेली धडक असते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना १८४२ चा ‘डेव्हिस विरुद्ध मॅन’ हा इंग्लंडमधला खटला आजही शिकवला जातो. एकाने आपले गाढव पुढचे पाय बांधून रस्त्यावर चरायला सोडले होते आणि उतारावरून वेगाने आलेल्या घोडागाडीखाली ते मेले. गाढव तेथे सोडणे चुकीचे होते, तरी अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाकडे होती, म्हणून भरपाई गाडीच्या मालकावर बसली. पुढे कायदा यापेक्षा सूक्ष्म झाला आणि चुकीची टक्केवारीत वाटणी होऊ लागली, आणि ते योग्यच झाले, कारण थांबलेला प्रत्येक चालक निर्दोष असतो असे नाही. आंधळ्या वळणाच्या पोटात, मागे दहा पावलांवर रुंद जागा असतानाही, हट्टाने गाडी उभी करून हॉर्न वाजवत बसणारा माणूस मी त्या वाटणीतून वगळणार नाही. तरीही टाळता येणे कोणाच्या हातात होते, हा त्या जुन्या खटल्यातला प्रश्न आपल्या गावरस्त्यांना आजही तंतोतंत लागू पडतो.

या भांडणांत एवढी आच का असते, याचे उत्तर विम्याच्या हिशेबात आहे. समजा, बंपर सहा हजारांचा आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर पन्नास टक्के घसारा कापला जातो, म्हणजे तीन हजार उरतात. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचे एक हजार रुपये मालकाने सोसायचे असतात, म्हणजे हाती दोन हजार येतात. त्यासाठी दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, जो पाच वर्षे दावा न करणाऱ्याला पन्नास टक्के मिळत असतो. दोन हजारांसाठी पुढच्या वर्षी कित्येक हजार जास्त भरायचे, हे कोणालाच परवडत नाही. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळू शकते, पण वाद राहिला तर त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आणि एका दारासाठी तो खटाटोप सहसा कोणी करत नाही. त्यामुळे जे काही मिळायचे ते तेथेच, रोख, त्याच क्षणी मिळवावे लागते, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची माणसे जास्त, त्याचे पारडे जड होते.

या दडपणाखाली अनेकजण ‘चूक माझी आहे, मी भरपाई देईन’ असे कागदावर लिहून देतात. तसे लिहून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, ही प्रमाण पॉलिसीतलीच अट आहे. लिहायचेच असेल तर घडले ते लिहावे: तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक, कोणती गाडी उभी होती, कोणती चालत होती, कोणाचा चढ होता. दोघांनी त्यावर सह्या कराव्यात. गाड्या हलवण्याआधी जवळून आणि लांबून छायाचित्रे घ्यावीत, त्यात साइडपट्टी, गडगा आणि मागची रुंद जागा दिसली पाहिजे. केवळ चेपलेल्या पत्र्याचे छायाचित्र खर्च सांगते, कारण सांगत नाही. डॅशकॅम असेल तर त्यातली मूळ फीत पुसली जाऊ देऊ नये.

माझी खरी मागणी मात्र ग्रामपंचायती आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्याकडे आहे. संपूर्ण रस्ता रुंद करायला जमीन आणि पैसा लागतो, माडापोफळींची आगरे तोडावी लागतात, आणि ते मला स्वतःलाही नको आहे. परंतु नजरेच्या टप्प्यात येतील अशा अंतरांवर गाडी बाजूला घेण्यापुरती भराव घातलेली जागा करणे, तेथे ठळक फलक लावणे, आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे बसवणे आणि पावसाळा संपताच साइडपट्ट्या भरून घेणे, हे एका मोसमात होण्यासारखे काम आहे. अशा जागा ठरलेल्या असतील, तर थांबायचे कोणी हे धडकेपूर्वीच ठरेल: जी गाडी त्या जागेच्या जवळ, ती थांबेल. येत्या ग्रामसभेत आम्ही काही गावकरी हा विषय लेखी मांडणार आहोत. ज्यांच्या गावात असे रस्ते आहेत, त्यांनी आपल्याकडची अडचणीची वळणे छायाचित्रांसह खाली कळवावीत, म्हणजे अर्ज तालुक्याच्या पातळीवर एकत्र देता येईल.