अमेरिकेत पहिल्यापासून जनताच राष्ट्राध्यक्ष निवडते? नाही

‘१७८९ साली जनतेने वॉशिंग्टन यांना एकमताने निवडलं, तेव्हापासून अमेरिकेत लोकांच्या मतावरच राष्ट्राध्यक्ष ठरतो. विधिमंडळाने इलेक्टर नेमणं घटनेत बसत नाही. तसं कुठे झालंच असेल तर अगदी सुरुवातीला.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. (इलेक्टर म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी प्रत्यक्ष मत देणारे राज्यांचे प्रतिनिधी.) लोकशाहीची कळकळ असलेली माणसंच तो पुढे पाठवतात, म्हणून तो खोडून काढणं जास्त गरजेचं वाटतं.

आधी घटना. दुसरं कलम म्हणतं, राज्याचं विधिमंडळ ठरवील त्या पद्धतीने राज्याने इलेक्टर नेमावेत. जनतेच्या मतदानाची अट तिथं नाही. १८९२ मध्ये मॅकफर्सन विरुद्ध ब्लॅकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही विधिमंडळाचा हा अधिकार मान्य केला.

१७८९ मध्ये एकमत झालं हे खरं, पण ते ६९ इलेक्टरांचं. कनेक्टिकट, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना इथले इलेक्टर विधिमंडळांनी निवडले होते. न्यूयॉर्कचं तर नवलच. वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली ती त्याच शहरात, वॉल स्ट्रीटवरच्या फेडरल हॉलच्या सज्जात; आणि त्या राज्याचं एकही मत त्यांना पडलेलं नव्हतं! राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहं: सिनेट फेडरलिस्टांची, म्हणजे नव्या घटनेच्या समर्थकांची, आणि असेंब्ली त्यांच्या विरोधकांची. असेंब्ली म्हणे, दोन्ही सभागृहं एकत्र बसून निवड करू. सिनेटला नकाराधिकार हवा होता. घोळ मिटेना, मुदत टळली आणि इलेक्टर नेमलेच गेले नाहीत.

पुढे पद्धत बदलत गेली ती पक्षांच्या सोयीने. १८०० ची लढत जेफरसन आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांच्यात होती. जेफरसन यांना राज्याची सगळी मतं मिळावीत म्हणून व्हर्जिनियाने जिल्हावार निवड मोडून राज्यभर एकच यादी आणली. अ‍ॅडम्स यांच्यासाठी मॅसॅच्युसेट्सने निवड लोकांकडून काढून विधिमंडळाकडे नेली. न्यूयॉर्कमध्ये इलेक्टर विधिमंडळच निवडायचं. त्या विधिमंडळाची निवडणूक फेडरलिस्ट, म्हणजे अ‍ॅडम्स यांचा पक्ष, हरला, तेव्हा त्या पक्षाचे नेते हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिलं: नवे सदस्य येण्याआधी जुन्यांना बोलवा आणि इलेक्टर जिल्हावार लोकांकडून निवडण्याचा कायदा करून घ्या. जे स्वतः फेडरलिस्ट. तरीही पक्षासाठी असलं काही करणं आपल्याला शोभणार नाही, असा शेरा पत्रावर मारून त्यांनी ते बाजूला ठेवलं. या साऱ्या खटाटोपात मला आदर वाटतो तो याच माणसाबद्दल.

राहिलं ‘अगदी सुरुवातीला’. १८२४ मध्येही २४ पैकी ६ राज्यांत विधिमंडळच इलेक्टर निवडत होतं. साउथ कॅरोलायनाने तर १८६० पर्यंत हेच चालवलं. १८७६ मध्ये नव्याने राज्य झालेल्या कोलोरॅडोचे ३ इलेक्टर विधिमंडळाने निवडले. ती तिन्ही मतं राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार हेज यांना पडली, आणि हेज जिंकले १८५ विरुद्ध १८४ असे.